आधी रांग मोजा, मग यंत्र निवडा

सामना पाहायला आलेल्या माणसाला स्वतःही काही करता यावं, खेळता यावं, आवाज द्यावा, मत द्यावं, यासाठी मैदानात काय आणि कसं उभारायचं, या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. मैदानांचे व्यवस्थापक, क्लबचे स्वयंसेवक, इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी अशा बऱ्याच जणांनी लिहिलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या मैदानात १२,००० प्रेक्षक बसतात. सामन्याच्या दोन तास आधी दरवाजे उघडतात. प्रवेशद्वाराजवळ प्रेक्षकांना खेळता येईल असं काहीतरी करायचं ठरलं आहे. जागा आहे, पैसेही मंजूर आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : घड्याळापासून करा. यंत्र कोणतंही घ्या, पण एका माणसाची पाळी किती सेकंदांची हे त्याआधी ठरवा. पुढे येणं, पिशवी खाली ठेवणं, नियम ऐकणं, खेळणं, आकडा पाहणं, फोटो काढून घेणं आणि बाजूला होणं, हे सगळं मिळून एक पाळी. ३० सेकंदांच्या खेळाची पाळी बघता बघता ९० सेकंदांची होते. म्हणजे तासाला ४० माणसं आणि दोन तासांत ८०. बारा हजारांतले ऐंशी जण खेळले. बाकीच्यांनी रांग पाहिली आणि पुढे गेले.

पाळी छोटी होते ती मांडणीमुळे. नियम रांगेतच कळू द्या, तेही चित्रांतून, चार चौकटींत. पिशवी आणि बाटली ठेवायचा कट्टा खेळाच्या जागेच्या आधी हवा. गुणांचा आकडा खेळणाऱ्याच्या समोर लावू नका, बाहेर पडायच्या वाटेवर तीन मीटर पुढे, डोक्याच्या वर लावा. माणूस आकडा बघायला आपसूक पुढे सरकतो, फोटो तिथेच निघतो आणि मागची जागा रिकामी होते. एवढ्यानं ९० सेकंदांची पाळी ४५ वर आणता येते. मग एका लेनमधून, म्हणजे खेळाच्या एका जागेतून, तासाला ८० जण जातात आणि सहा लेन शेजारी शेजारी लावल्या तर ४८०. दोन तासांचे ९६० हा मात्र कागदावरचा कमाल आकडा समजा, कारण गर्दी दोन तासांत सारखी पसरत नाही, शेवटच्या तासात एकदम लोटते.

खेळाची लांबी ठरवताना कबड्डीतली चढाई डोळ्यांपुढे ठेवा. ती ३० सेकंदांची असते आणि तेवढ्यात चुरस, धाकधूक, शेवट सगळं मावतं. मैदानाबाहेरच्या खेळालाही ती मर्यादा पुरते.

रांगेत किती वेळ जाईल हे मोजायला सोपं आहे. पुढे उभी असलेली माणसं गुणिले पाळीचे सेकंद, भागिले लेनची संख्या. ४५ सेकंदांची पाळी आणि एक लेन असेल तर तेराव्या माणसाला साधारण दहा मिनिटं लागतात. एका माणसामागे ६० सेंटीमीटर धरले तर ही रांग ८ मीटरची होते. त्या आठव्या मीटरवर ‘इथून दहा मिनिटं’ अशी पाटी लावा. त्यामागे रांग वाढू द्यायची नाही, असं तिथल्या स्वयंसेवकाला स्पष्ट सांगून ठेवा.

जागा मंजूर आहे म्हणता, पण ती बाहेर पडायच्या वाटेत तर येत नाही ना, हे आधी तपासा. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाचं मार्गदर्शक वापरतात. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवरून ६६, असा त्याचा हिशेब आहे. ६ मीटरच्या वाटेवरून मिनिटाला ४९२ जण जातात. तुमच्या खेळानं आणि त्याच्या रांगेनं २ मीटर खाल्ले की ते ३२८ होतात. बाहेर पडायला त्याच मार्गदर्शकात कमाल ८ मिनिटं धरली आहेत. तेवढ्या वेळात ३,९३६ ऐवजी २,६२४ माणसंच त्या वाटेनं बाहेर जातील. सामना संपायच्या आत जे उचलून बाजूला करता येत नाही, ते वाटेत ठेवूच नका. चाकांवर, ब्रेकसह बनवा.

प्रश्न : ‘तुमचा चेंडू किती वेगवान’ हा खेळ आम्ही रडार गन लावून चालवतो. एकाच मुलाला एकदा ८१ आणि लगेच ६९ आकडा येतो. लोक वाद घालतात. गन बिघडली आहे का?

उत्तर : बहुधा गन ठीक आहे आणि तिची जागा चुकली आहे. रडार चेंडूचा पूर्ण वेग मोजत नाही. गनच्या दिशेनं येणारा किंवा तिच्यापासून दूर जाणारा वेग तेवढा मोजतं. चेंडूची रेषा आणि गनची रेषा यांत १० अंशांचा कोन असेल तर १०० चा वेग ९८ दिसतो, २० अंशांना ९४ आणि ३० अंशांना ८७. गन बाजूच्या खांबाला बांधली असेल तर डावीकडे गेलेला आणि उजवीकडे गेलेला चेंडू वेगवेगळा आकडा देणारच. ती लक्ष्याच्या जाळीमागे बरोबर मध्यावर आणा, चेंडूच्या उंचीला ठेवा आणि फेकणाऱ्याच्या हाताकडे रोखा. जाळी आणि गन यांत पुरेसं अंतर सोडा, कारण ताणलेली जाळीही चेंडू लागला की अर्धा मीटर मागे येते.

दुसरं कारण म्हणजे गन नक्की कोणता क्षण पकडते. हातातून सुटताना वेग सर्वांत जास्त असतो, हवेत तो कमी होतो, टप्पा पडल्यावर आणखी उतरतो. गनमध्ये ‘सर्वोच्च’ वेग धरायची सोय असेल तर तीच लावा आणि टप्पा न टाकता थेट फेकायचा नियम करा. तिसरं कारण आजूबाजूच्या हालचालीचं. फिरता पंखा, शेजारच्या लेनमधला चेंडू, जाळीमागून चालत गेलेला माणूस, हे सगळं रडारला दिसतं. किमान वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर ठेवा आणि पंख्याची दिशा बदला.

नवीन बांधत असाल तर रडारऐवजी प्रकाशकिरणांच्या दोन चौकटी लावाव्यात असं आमचं मत आहे. त्या स्वस्त पडतात, शेजारच्या लेनचा त्रास होत नाही आणि मोजणी लोकांना समजावून सांगता येते. दोन चौकटींत १ मीटर अंतर ठेवा. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला २७.८ मीटर जातो, म्हणजे तो ३६ मिलिसेकंदांत दोन्ही चौकटी पार करतो. १ मिलिसेकंदाची चूक झाली तरी वेगात जवळजवळ ३ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून ‘किरण तुटला का’ हे प्रोग्रॅमनं पुन्हा पुन्हा विचारत बसू नये. इंटरप्ट वापरा, म्हणजे किरण तुटताच कंट्रोलर चालू काम सोडून लगेच नोंद घेतो, आणि वेळ मायक्रोसेकंदांत घ्या.

किरणांची दाटी नीट ठरवा. टेनिसचा चेंडू साधारण साडेसहा सेंटीमीटर व्यासाचा असतो. किरण ८ सेंटीमीटरवर ठेवले तर चेंडू मधून निसटतो आणि आकडाच येत नाही. ५ सेंटीमीटरवर ठेवले तर तो निसटू शकत नाही. तरी एका चौकटीत किरण चेंडूच्या मधोमध तुटतो आणि दुसऱ्या चौकटीत कडेला, यानं अंतरात जास्तीत जास्त साधारण १ सेंटीमीटरची चूक येते. १ मीटरच्या अंतराला ती १ टक्का होते, म्हणजे चालण्यासारखी. हीच चौकट २० सेंटीमीटर अंतरावर लावली तर ती चूक ५ टक्के होईल आणि भांडणं परत सुरू होतील.

टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेले इन्फ्रारेड रिसीव्हर इथे वापरू नका. सतत पडणारा किरण हा गोंगाट आहे असं धरून ते तो दाबून टाकतात, आणि मग चेंडू न जाताच किरण तुटल्याचा इशारा येतो. साधा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश ओळखणारा सुटा भाग, घ्या, त्यापुढे ५ सेंटीमीटर लांबीची काळी नळी लावा आणि चौकटीवर छप्पर धरा, म्हणजे ऊन थेट आत जाणार नाही. कडक सीझन चेंडू मात्र लोकांच्या हाती देऊ नका. लेनमागे सहा टेनिस चेंडू हवेत, दोन असले तर प्रत्येक पाळीत चेंडू आणण्यातच दहा सेकंद जातात.

प्रश्न : दिवा लागला की बटण दाबायचं, अशी ‘चपळाईची भिंत’ आम्ही विद्यार्थी बनवत आहोत. १२ बटणं आहेत. बाकावर सगळं नीट चालतं. भिंतीवर बसवलं की दिवा पेटताच शेजारचं बटण आपोआप दाबल्यासारखं होतं.

उत्तर : दिव्यांचा करंट आणि बटणांचा इशारा एकाच ग्राउंडच्या तारेतून परत येत असणार. बाकावर तारा वीतभर असतात, भिंतीवर दोन मीटरच्या होतात. दिवा पेटला की त्या सामाईक तारेवर क्षणभर व्होल्टेज चढतं किंवा शेजारच्या तारेत उडी मारतं, आणि कंट्रोलरला वाटतं बटण दाबलं. शिवाय कंट्रोलरच्या आतला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे बटण दाबलेलं नसताना तारेवर व्होल्टेज टिकवणारा, वीस ते पन्नास किलो-ओहमचा, म्हणजे कमकुवत असतो. लांब तारेला तो पुरत नाही.

दुरुस्ती अशी. दिव्यांची ग्राउंड तार वेगळी काढा आणि बटणांच्या ग्राउंडला फक्त पॉवर सप्लायपाशी, एकाच बिंदूत मिळवा. प्रत्येक बटणाला बाहेरून २.२ ते ४.७ किलो-ओहमचा पुल-अप लावा. बटणाची इशाऱ्याची तार आणि तिची ग्राउंड तार एकमेकींभोवती पिळून न्या. १२ व्होल्टचे दिवे असतील तर ते थेट पिनवर न घेता यूएलएन २८०३ सारख्या चिपवरून चालवा. तिच्यात आठ वाहिन्या असतात, म्हणजे दोन चिप पुरतात. अर्डुइनो मेगा या कंट्रोलर बोर्डाला ५४ डिजिटल पिना आहेत, तुम्हाला २४ लागतील. मल्टिप्लेक्सिंगच्या, म्हणजे कमी पिनांत जास्त बटणं जोडायच्या, भानगडीत पडायची गरज नाही.

बटण दाबलं की आतला मायक्रोस्विच काही मिलिसेकंद थरथरतो. पहिला स्पर्श लगेच मोजा आणि पुढचे ३० मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करा. ‘थोडं थांबून खात्री करू’ असं लिहिलंत तर प्रत्येक दाबाला उशीर होईल आणि खेळणाऱ्याला भिंत जड वाटेल. दिवा लागल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत आलेला दाब धरू नका. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीची प्रतिक्रिया ०.१०० सेकंदाच्या आत आली तर ती चुकीची धरतात, तोच न्याय इथे लावा. नाहीतर दोन्ही तळहातांनी सगळी बटणं बडवणारा पहिला येतो. चुकीच्या बटणाला अर्धा सेकंद दंड ठेवलात की बडवणं आपोआप थांबतं.

आता खरी मारामारी यांत्रिक बाजूची. लोक बटण बोटानं दाबत नाहीत, मुठीनं हाणतात. १०० मिलिमीटरचं घुमटाकार बटण घ्या, १८ मिलिमीटरच्या प्लायवूडवर बसवा आणि भोक पाडायच्या आधी बटण हातात घेऊन त्याची मान कॅलिपरनं मोजा. मागची प्लॅस्टिकची चकती हादऱ्यांनी सैल होते, मग अख्खं बटण गोल फिरतं आणि मायक्रोस्विचच्या चपट्या पिनेवरून तारेची टोपी निसटते. बाहेरून बटण धडधाकट दिसतं, फक्त त्याचा दाब लागत नाही. चकतीखाली रबरी वॉशर घाला आणि टोपीपासून ५ सेंटीमीटरवर तार प्लायवूडला केबल टायनं बांधा, म्हणजे ओढ टोपीवर येणार नाही. दर सामन्याआधी मागून बाराही चकत्या हातानं आवळायच्या. चार मिनिटांचं काम आहे.

भिंत पुढे कोसळण्याचा धोका खरा आहे, कारण मुलं तिला लटकतात. तळ किमान ८० सेंटीमीटर रुंद करा आणि त्यावर वजन टाका किंवा वरून पक्क्या बांधकामाला जखडा. मग दोन मोठी माणसं तिला जोर लावून पुढे-मागे ढकलतील आणि ती हलणार नाही, अशी परीक्षा घ्या.

गुणतक्ता दर पंधरा मिनिटांनी कोरा करा. दिवसभराचा विक्रम सकाळी कोणा चपळ मुलानं केला की नंतर येणाऱ्याला खेळून काय मिळणार? नावं टाइप करू देऊ नका, त्यात वेळ जातो आणि पडद्यावर शिव्या येतात. आसनाचा विभाग आणि रांग एवढं पुरे. ‘ब विभाग, रांग १४’ असं झळकलं की सगळी रांग ओरडते.

प्रश्न : सगळ्या मैदानानं एका तालात टाळ्या वाजवाव्यात म्हणून ढोलाचा ताल लावतो. अर्ध्या मिनिटात सगळं विस्कटतं. प्रेक्षकांना ताल नाही असं म्हणायचं का?

उत्तर : प्रेक्षकांचा काहीच दोष नाही. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. समोरचा स्टँड १७० मीटरवर असेल तर त्यांची टाळी तुम्हाला अर्ध्या सेकंदानं ऐकू येते. मिनिटाला ६० ठोक्यांच्या तालात हा उशीर जवळजवळ दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो, आणि कान समोरच्यांना धरायला जातात. त्यात ढोल एकाच कोपऱ्यातल्या स्पीकरवरून वाजत असेल तर प्रत्येक स्टँड आपापल्या उशिरानं सुरू होतो.

ताल सर्व स्टँडच्या जवळच्या स्पीकरवरून एकाच वेळी द्या आणि इशारा डोळ्यांना द्या, कारण प्रकाशाला उशीर नसतो. २०१६ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत आइसलँडच्या चाहत्यांची टाळी जगभर गाजली. तिच्यात काय काय आहे पाहा. दोन टाळ्यांत लांब विराम, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा उशीर त्यात मावून जातो. हात आधी डोक्यावर उचललेले, त्यामुळे समोरच्या स्टँडला टाळी येणार हे आधीच दिसतं. तुमच्याकडेही दोन-तीन सेकंदांच्या विरामानं सुरुवात करा, मोठ्या पडद्यावर वर जाणारे हात दाखवा. किंवा मग सवाल-जबाब ठेवा. एका स्टँडनं हाक द्यायची, समोरच्यानं ओ. तिथे आवाजाचा उशीर उलट रंगत वाढवतो.

प्रश्न : ‘कोणता स्टँड जास्त ओरडतो’ याचा डेसिबल मीटर मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे. चाचणीत काटा हलतच नाही. खोटा काटा फिरवावा असं काहींचं म्हणणं आहे.

उत्तर : खोटा काटा नको. लोक घसा फोडून ओरडतात त्या भरवशावर की तो मोजला जातोय. काटा न हलण्याचं कारण डेसिबलच्या मोजपट्टीत आहे. ओरडणारी माणसं दुप्पट झाली की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. शून्य ते १४० अशी पट्टी दाखवली तर हा फरक बोटभरच दिसणार. सामन्याआधी मैदान भरलेलं पण शांत असताना मोजा, तो तुमचा शून्य. तालमीतल्या जोरदार आरोळीपेक्षा ५ डेसिबल वरचा आकडा धरा, तो शंभर. मधली पट्टी संपूर्ण पडदाभर पसरवा.

मोठ्या आणि छोट्या स्टँडची स्पर्धा न्यायाची करायला माणसांच्या संख्येचा दशमान लॉगरिदम काढून १० नं गुणा आणि मोजलेल्या डेसिबलमधून वजा करा. १,००० जणांतून ३० वजा, ५०० जणांतून २७. मायक्रोफोन प्रत्येक स्टँडपासून सारख्या अंतरावर हवा. एकाच माणसाचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. मोजणीच्या पाच सेकंदांत निवेदकाचा माइक आणि संगीत पूर्ण बंद ठेवा, नाहीतर तुम्ही तुमचेच स्पीकर मोजाल. सर्वोच्च क्षण मोजू नका, त्यात मायक्रोफोनजवळची एक शिट्टी सगळ्या स्टँडला हरवते. पाच सेकंदांची ऊर्जेची सरासरी, जिला एलईक्यू म्हणतात, ती घ्या.

विक्रमाच्या मागे लागू नका. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबलची नोंद झाली, ती कानांसाठी चांगली गोष्ट नव्हे. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं एवढीच मर्यादा सांगते. सामन्यात अशा दोन किंवा तीन फेऱ्या पुरेत. लहान मुलांसाठी कानावरचे मफ प्रवेशद्वाराशी ठेवा.

प्रश्न : मोठ्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवून ‘सामनावीर कोण’ यावर मतं घेतो. फारच थोडी मतं येतात. ॲप बनवावं का?

उत्तर : ॲप नको. सामना सुरू असताना कोणी ते उतरवून घेत नाही. कोड वाचायचं अंतर त्याच्या बाजूच्या साधारण दहापट असतं. पडद्यावरचा कोड ५ मीटरचा असला तरी तो ५० मीटरपर्यंतच नीट वाचला जाईल. समोरचा स्टँड १५० मीटरवर आहे, तिथले लोक मोबाइल उंचावून हात दुखवून घेतात आणि सोडून देतात.

कोड पुढच्या आसनाच्या पाठीवर चिकटवा. ५ ते ६ सेंटीमीटरची बाजू पुरते. छापताना भोवती कोडातल्या चार बारीक चौकोनांएवढी पांढरी मोकळी जागा सोडा, डिझायनर ती हमखास खाऊन टाकतात. लॅमिनेशन मॅट हवं, चकचकीत असेल तर फ्लडलाइटचा डाग पडून कोड वाचला जात नाही. दुरुस्तीची पातळी ‘क्यू’ निवडा, म्हणजे सुमारे २५ टक्के भाग खराब झाला तरी चालतो. आतला पत्ता आखूड ठेवा आणि तो स्वतःच्या डोमेनवरचा असू द्या. पत्ता जितका लांब तितके चौकोन बारीक होतात. डोमेन आपलं असेल तर स्टिकर न बदलता पुढचं पान बदलता येतं. दर सामन्याआधी थोडे स्टिकर नखानं खरवडून पाहा. कोणी आपला कोड वरून चिकटवला तर तुमचे प्रेक्षक फसवले जातील.

आता नेटवर्क. १२,००० पैकी ३,६०० जणांनी वीस सेकंदांत मत द्यायचं ठरवलं, तरी निम्मे पहिल्या पाच सेकंदांतच दाबतील, आणि त्याच क्षणी हजारो लोक व्हिडिओ पाठवत असतात. म्हणून मतदानाचं पान मध्यंतरातच उघडायला सांगा, ते ५० किलोबाइटच्या आत ठेवा, फोटो घालू नका. मत म्हणजे काही बाइट. ते गेलं नाही तर मोबाइलनं शून्य ते तीन सेकंदांत कधीही, यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवावं. सगळे ठरावीक एका सेकंदानं परत धडकले तर सर्व्हर दुसऱ्यांदा झोपतो. तेच मत दोनदा पोचलं तर एकदाच मोजलं जावं म्हणून प्रत्येक मोबाइलला सुरुवातीलाच एक खूण द्या. आणि चेंडू खेळात असताना मतदान कधीही उघडू नका. त्या क्षणी लोकांचे डोळे मैदानावर हवेत.

एवढं करूनही प्रत्येक आसनावर ठेवलेली दोन रंगांची पुठ्ठ्याची कार्डं बऱ्याचदा जास्त रंग भरतात. पंचांचा निर्णय बरोबर की चूक? सगळ्यांनी एकदम कार्ड वर. निकाल सगळ्यांना दिसतो, बॅटरी लागत नाही. एका कार्डावर रंगाबरोबर मोठी बरोबरची खूण आणि दुसऱ्यावर फुली छापा, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : उघड्यावर टचस्क्रीन आणि आत व्हीआर हेडसेट, दोन्ही घ्यावेत का?

उत्तर : दोन्ही नकोत. मोबाइलसारख्या टचस्क्रीनवर पावसाचे थेंब पडले की तिला वाटतं बोटं लागली. कडेला इन्फ्रारेड किरण असलेल्या स्क्रीनला थेट ऊन आंधळं करतं. आतल्या वापराचा पडदा उन्हात दिसतच नाही आणि फार तापला की त्यावर काळे डाग धरतात. उघड्यावर दणकट बटणं लावा. व्हीआरमध्ये पट्टा बसवणं, पुसणं, समजावणं धरून एक पाळी पाच मिनिटांची होते. एका हेडसेटवर तासाला बारा जण. संग्रहालयात ते शोभतं, सामन्याच्या गर्दीत नाही.

प्रश्न : चाकाच्या खुर्चीतले, ऐकू न येणारे, दृष्टी नसलेले प्रेक्षकही येतात. त्यांच्यासाठी वेगळा कोपरा करावा का?

उत्तर : वेगळा कोपरा करू नका, त्याच खेळात त्यांना सामावून घ्या. अमेरिकेतली सुगम्यतेची मानकं बसलेल्या माणसाच्या हाताची पोच ३८ ते १२२ सेंटीमीटर उंचीपर्यंत धरतात. चपळाईच्या भिंतीची बारा बटणं ६० ते १२० सेंटीमीटरमध्ये बसवली की मुलं, मोठे आणि खुर्चीतले सगळे एकाच भिंतीवर खेळतात. खेळाच्या जागेत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं आणि उताराचं प्रमाण १ ला १२. रांगेचे दोर लावताना वळणावर जागा सोडायला हमखास विसरतात. खुर्ची तिथेच अडकते.

प्रत्येक इशारा दोन वाटांनी द्या, दिवा आणि आवाज दोन्ही. बाराही बटणांना वेगवेगळा सूर दिला आणि आवाज त्या त्या बटणामागूनच आला, तर न दिसणारा माणूसही थोड्या सरावानं खेळू शकतो. त्यासाठी मागे बारा छोटे बझर लागतात, बाकी काही नाही. गोंगाटानं घाबरणाऱ्या मुलांसाठी जवळच एक शांत, मंद उजेडाची खोली ठेवा.

प्रश्न : पेटणारे मनगटी पट्टे सगळ्यांना द्यायचे आहेत. इन्फ्रारेडचे की रेडिओचे?

उत्तर : संध्याकाळचा सामना असेल आणि उंच खांबांवरून सगळे स्टँड दिसत असतील तर इन्फ्रारेड सोपं. कोणत्या आसनावर कोणता पट्टा गेला याची नोंद लागत नाही, झोत जिथे पडेल तिथले पट्टे पेटतात. २०१४ च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराच्या कार्यक्रमाला प्रेक्षकांच्या टोप्यांतले दिवे वापरून अख्ख्या स्टेडियमवर चित्रं उमटवली होती. उजेडात मात्र इन्फ्रारेडचा इशारा उन्हात बुडतो आणि छताखालच्या रांगा झोताला दिसत नाहीत. तिथे रेडिओ लागतो. पण रेडिओवर चित्र उमटवायचं तर ठरावीक पट्टा ठरावीक आसनावरच पोचला पाहिजे, म्हणजे वाटपाला माणसं जास्त लागतात. सगळ्यांनी एकाच रंगात पेटायचं असेल तर ही अडचण नाही.

लुकलुक सेकंदाला तीनपेक्षा जास्त करू नका, आणि गडद लाल रंगाची लुकलुक टाळाच. अपस्माराचा झटका येण्याचा धोका असतो. नाण्याच्या आकाराची बॅटरी स्क्रूनं बंद केलेल्या खणात हवी. लहान मुलानं ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. बाहेर पडायच्या वाटेवर पट्टे परत टाकायच्या पेट्या ठेवा, प्रत्येक दरवाजाला दोन.

प्रश्न : सामन्याच्या दिवशीच काहीतरी बंद पडतं. काय तयारी ठेवावी?

उत्तर : वीज गेली आणि आली की यंत्र कोणी हात न लावता खेळाच्या पहिल्या पडद्यावर यायला हवं. ते घडतं का, हे प्लग उपटून दहा वेळा पाहा. संगणकाचे आपोआप येणारे अपडेट बंद करा. सामन्याच्या दिवशी निळ्या पडद्यावर टक्केवारी मोजत बसलेला संगणक हा या क्षेत्रातला नेहमीचा अपघात आहे. संगणक आणि नेटवर्कला यूपीएस द्या, दिव्यांना नको. उघड्यावरच्या प्रत्येक जोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच हवाच, आणि तो सकाळी चाचणीचं बटण दाबून तपासायचा.

सुट्या भागांची पेटी भिंतीमागेच ठेवा. त्यात बटणं दोन, मायक्रोस्विच सहा, फोटोट्रान्झिस्टर चार, पॉवर सप्लाय एक, आधीच प्रोग्रॅम भरलेला कंट्रोलर एक, केबल टायची पुडी आणि सहा चेंडू. प्रत्येक लेनला एक माणूस खेळापाशी, दर तीन लेनना एक माणूस रांगेपाशी. रांगेतला माणूस बोलका निवडा, नियम तोच सांगतो. यंत्र दहा मिनिटांत सुरू झालं नाही तर त्यावर झाकण टाकायचं आणि रांग शेजारच्या लेनमध्ये वळवायची. हा निर्णय कोणी घ्यायचा त्याचं नाव सकाळीच फलकाच्या मागे लिहून ठेवा.

पहिला प्रयोग मोठ्या सामन्याला करू नका. कमी गर्दीचा सामना धरा, तीस मुलं बोलवा आणि त्यांना काहीही न सांगता खेळायला सोडा. एक जण स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक पाळी वहीत लिहील. कुठे माणूस थबकतो, कुठे मागे वळून विचारतो, ते सेकंदांसह टिपा. तिसाव्या मुलापर्यंत त्या पानावर कुठला फलक हलवायचा ते दिसू लागतं.